रसिकांची मंडळे आणि व्यापाऱ्याची अब्रू

छंद जोपासणाऱ्यांची जी मंडळे असतात, टपाल तिकिटे जमवणाऱ्यांची, गड चढणाऱ्यांची, गाणे ऐकणाऱ्यांची, जुनी पुस्तके धुंडाळणाऱ्यांची, त्यांच्या कारभारात एक कलम बहुधा सापडते. कधी ते नियमावलीत लिहिलेले असते, कधी नुसतेच पाळले जाते. कलम असे की, कोणत्याही विक्रेत्याविषयी, कारागिराविषयी अथवा संयोजकाविषयी बैठकीत प्रतिकूल बोलू नये. तक्रार असेल तर ज्याची त्याने ती संबंधिताकडे करावी. मंडळ छंदासाठी आहे, भांडणासाठी नाही. ऐकायला हे फार समंजस वाटते. आमचा मात्र या कलमाला विरोध आहे, आणि तो का आहे हे सांगायचे तर थोडे लांबून यावे लागेल.

प्रथम हे मान्य करू की, असे कलम करणारी माणसे दुष्ट नसतात. मंडळ चालवणे म्हणजे काय, हे ज्याने चालवले त्यालाच ठाऊक. दर महिन्याला जागा मिळवायची, वर्गणीसाठी तगादा लावायचा, चहाचे पैसे पुष्कळदा पदरचे घालायचे, आणि दोन सभासदांत वितुष्ट आले की दोघांच्याही घरी जाऊन समजूत घालायची. अशा वेळी कोणी उठून म्हणाला की, अमक्याने मला खोटा माल विकला, आणि तो अमका नेमका मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात दरवर्षी टेबल घेणारा असला, तर चिटणिसाची झोप उडते. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, असे तो म्हणतो. आम्ही त्याला नावे ठेवणार नाही. आम्हाला विचारायचे आहे ते एवढेच, की हे पाणी कोणाचे, आणि त्यातला मासा कोण?

या बाबतीत टपाल तिकिटांच्या छंदाचा इतिहास मोठा बोलका आहे. इंग्लंडात ६ मे १८४० रोजी पहिले चिकट तिकीट वापरात आले आणि वीस-बावीस वर्षांच्या आत युरोपभर तिकिटे जमवणारे निर्माण झाले. जमवणारे आले तसे त्यांना फसवणारेही आले. तिकीट म्हणजे अखेर छापील कागदाचा तुकडा. एखाद्या लहानशा राज्याचे दुर्मिळ तिकीट छापून विकायला बरा शिलामुद्रक पुरेसा होता. १८६२ साली ब्रुसेल्सच्या झाँ-बाप्तिस्त मोआन्स याने खोट्या तिकिटांवर एक पुस्तिका काढली आणि १८६३ साली एडिंबरोहून दुसरी निघाली. तिचे नाव 'फोर्ज्ड स्टॅम्प्स : हाऊ टु डिटेक्ट देम'. लेखक दोघे, एडवर्ड पेम्बर्टन आणि थॉर्न्टन लुईस. दोघांचाही जन्म १८४४ सालचा, म्हणजे विशीही गाठलेली नव्हती. वाङ्मयाच्या वाचकाला यातले दुसरे नाव अपरिचित वाटले तरी घर परिचयाचे आहे. थॉर्न्टन हा जॉर्ज हेन्री लुईस यांचा मुलगा. आणि जॉर्ज एलियट त्याची सावत्र आई, विवाहविधीने नव्हे पण व्यवहारात तीच. 'मिडलमार्च'चे लेखन तिने १८६९ साली हाती घेतले आणि त्याच वर्षी, दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीतून आजारी होऊन परतलेला हा मुलगा तिच्या घरी वारला. त्याचे नाव मागे राहिले ते या लहानशा पुस्तकामुळे.

विषयांतर झाले, पण अगदीच निष्कारण नव्हे. या छंदाला शास्त्राचे रूप आले ते 'हे तिकीट सुंदर आहे' असे म्हणण्यातून आले नाही. 'हे तिकीट खोटे आहे, आणि ते खोटे कसे ते पाहा' असे म्हणण्यातून आले. रेघ कुठे तुटते, अक्षराचा पाय कुठे जाड होतो, दात्यांची संख्या किती, कागदाची वीण कशी, हे सारे बारकावे प्रथम कोणाच्या तरी लबाडीचा माग काढताना नोंदले गेले. ती लबाडी चव्हाट्यावर मांडायची नाही, असे त्या पिढीने ठरवले असते तर आज त्या छंदात तिकिटे असती, तिकिटांविषयीचे ज्ञान नसते.

आणि हे मांडणारे लोक व्यापाराचे शत्रू होते काय? मुळीच नाही. मोआन्स स्वतः विक्रेता होता. पेम्बर्टन पुढे नामांकित विक्रेता झाला. तिकिटांच्या जगात आजही प्रमाण मानला जाणारा स्टॅन्ली गिबन्सचा कॅटलॉग हा मुळात १८६५ साली निघालेली एका दुकानदाराची किंमतपत्रिका आहे. आपल्या मुंबईचे जाल कूपर तिकिटांचे व्यापारी होते आणि भारतीय तिकिटांवरील ग्रंथांचे लेखकही. १८५२ सालचे सिंध डाकचे तिकीट, जे पुढे मुंबईचे गव्हर्नर झालेल्या बार्टल फ्रिअर यांनी सिंधमध्ये सुरू केले, ते एखाद्याने आणून पुढे ठेवले तर त्याच्या नकला किती निघाल्या आहेत हे सांगायला ज्ञानी विक्रेत्याइतका उपयोगी माणूस दुसरा नाही. तेव्हा व्यापारी एका गावचा आणि रसिक दुसऱ्या गावचा, अशी वाटणी येथे चालत नाही. ज्ञानाचा पुष्कळ भाग व्यापाऱ्याच्याच दुकानात साठलेला असतो. म्हणूनच प्रश्न अवघड होतो. आपलेच दात, आपलेच ओठ.

सगळेच प्रकरण खोट्या मालाचे असते असेही नाही. न्यूयॉर्कच्या हॅमिल्टन बँक नोट कंपनीच्या निकोलस सीबेक याने १८८९ पासून मध्य आणि दक्षिण अमेरिकेतील काही देशांशी करार केले. त्याने त्यांना तिकिटे फुकट छापून द्यायची, दरवर्षी नवी. वर्ष सरले की उरलेली तिकिटे त्याची, आणि शिवाय जुन्या तिकिटांचे पुनर्मुद्रण करून जमवणाऱ्यांना विकण्याचा हक्कही त्याचाच. यात बेकायदा काही नव्हते. सरकारांचा छपाईचा खर्च वाचत होता, सीबेकला नफा होत होता. भुर्दंड होता तो संग्राहकाला; कारण पत्रावर लागण्यासाठी नव्हे तर अल्बमात चिकटण्यासाठीच जन्मलेल्या तिकिटांचा पूर आला. १८९५ साली लंडनमध्ये संग्राहकांनी एक संस्थाच काढली. तिचे नाव सोसायटी फॉर द सप्रेशन ऑफ स्पेक्युलेटिव्ह स्टॅम्प्स, म्हणजे सट्टेबाज तिकिटांच्या निर्मूलनाची सभा. नावातला हा आवेश पाहून आज हसू येते आणि सभाही फार काळ चालली नाही. पण तिने एक गोष्ट गृहीत धरली होती, ती आमच्या चिटणिसांना गृहीत धरता येत नाही : की एखादा व्यवहार कायद्यात बसणारा असूनही छंदाला बाधक असू शकतो, आणि तसे म्हणण्याचा अधिकार तो छंद करणाऱ्यांना आहे. हा अधिकार त्यांनी वापरायचा नाही तर कोणी? न्यायालयाला त्यात काही दिसणार नाही, सरकारला तर फायदाच दिसतो.

आता आपल्याकडे येऊ. जुन्या मराठी पुस्तकांच्या एका मंडळात आम्ही काही वर्षे जात होतो. तेथे वर सांगितलेले कलम कसोशीने पाळले जाई. बैठकीत ग्रंथांच्या बांधणीविषयी, जुन्या छापखान्यांच्या खिळ्यांविषयी, दुर्मिळ नियतकालिकांच्या फाइलींविषयी रसाळ चर्चा होई. बैठक संपली की जिन्यात दुसरी बैठक भरे. अमुक विक्रेता नंतरच्या आवृत्तीला पहिल्या आवृत्तीच्या मुखपृष्ठाची रंगीत छायाप्रत चढवून विकतो. तमुक विक्रेता पैसे आधी घेतो आणि वाळवी लागलेली प्रत पाठवतो. ही सगळी माहिती जिन्यात मिळे. नावानिशी, किमतीसकट. आम्हाला ती मिळाली, कारण आम्ही चार वर्षांनी का होईना जिन्यात उभे राहण्याइतके जुने झालो होतो. ज्याला तिची खरी गरज होती तो नवा सभासद, नुकताच नोकरीला लागलेला, पहिल्या पगारातून पहिली आवृत्ती घ्यायला निघालेला, तो बैठक संपताच शिष्टाचाराने नमस्कार करून घरी गेलेला असे.

कलमाचे समर्थक ही गोष्ट विचारात घेत नाहीत. प्रतिकूल बोलण्यावर बंदी घातली म्हणजे प्रतिकूल बोलणे थांबते, हा त्यांचा समज आहे. ते थांबत नाही. त्याची वाटणी बदलते. जाहीर बोलले असते तर सर्वांना मिळाले असते ते आता ओळखीच्या प्रमाणात मिळते. ज्याच्या ओळखी अधिक त्याला अधिक, नवख्याला शून्य. आणि जिन्यातल्या बोलण्याला कोणी पुरावा विचारत नाही, ज्याच्याविषयी बोलले जाते त्याला उत्तर देता येत नाही, कारण बोलले गेले हेच मुळी त्याला ठाऊक नसते. म्हणजे व्यापाऱ्याची अब्रू राखण्यासाठी केलेल्या कलमाने प्रामाणिक व्यापाऱ्याची अब्रू तर जिन्यात गहाण पडतेच, आणि अप्रामाणिक व्यापाऱ्याला नवी गिऱ्हाइके मिळत राहतात.

पुस्तकात पैसे जातात. सह्याद्रीत प्रसंगी जीव जातो. गेल्या काही वर्षांत पैसे घेऊन लोकांना गडांवर नेण्याचा व्यवसाय किती वाढला आहे हे पावसाळ्यातल्या कोणत्याही शनिवार-रविवारी कळसूबाईच्या शिड्यांपाशी अथवा हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर उभे राहिले की कळते. या व्यवसायात अत्यंत जबाबदार माणसे आहेत. आणि दोन बसगाड्या भरून माणसे आणून पुढे एक वाटाड्या लावून देणारे व मागे कोणीच न ठेवणारेही आहेत. महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले, आयोजकांच्या नोंदणीची तरतूद केली, हे योग्यच झाले. पण नोंदणीचा कागद तुम्हाला हे सांगत नाही की, गेल्या आषाढात अंधार पडल्यावर शेवटची चार माणसे उतरली की नाही हे कोणी मोजले नव्हते. की प्रथमोपचाराची पेटी होती पण ती बसमध्ये होती. हे सांगू शकतो तो त्या चौघांतला एखादा. आणि तो जर आपल्या गिरिभ्रमण मंडळात हे सांगू लागला आणि अध्यक्षांनी हात वर करून 'व्यक्तिगत तक्रारी नकोत' असे म्हटले, तर अध्यक्षांनी नक्की कशाचे रक्षण केले?

गिर्यारोहकांच्या जगात याला एक जुना पर्याय उपलब्ध आहे. अमेरिकन अल्पाइन क्लब १९४८ पासून दरवर्षी अपघातांचे अहवाल पुस्तकरूपाने काढत आला आहे. कोण मेले यावर रडगाणे नसते, कोणाला फासावर द्या अशी मागणी नसते. वेळ कोणती, दोर कुठे होता, हवा कशी होती, परतण्याचा निर्णय कधी व्हायला हवा होता आणि कधी झाला, असा कोरडा मजकूर असतो. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो तो त्या कोरडेपणामुळेच. प्रतिकूल बोलणे म्हणजे आरडाओरडा, असे ज्यांना वाटते त्यांनी यातला एखादा अहवाल वाचून पाहावा. इतके प्रतिकूल आणि इतके शांत लेखन आम्ही वाङ्मयसमीक्षेत क्वचितच पाहिले आहे.

वाङ्मयसमीक्षेचा विषय निघालाच आहे तर येथे थोडे रेंगाळू. पुस्तक हीदेखील एक विक्रीची वस्तू आहे आणि प्रकाशक हा व्यापारी आहे, हे आपण सोयीने विसरतो. कादंबरी फसली आहे असे लिहिण्याला कोणी 'व्यवसायाची बदनामी' म्हणत नाही, उलट परीक्षणाचा तो धर्मच मानला जातो. मात्र त्याच कादंबरीची बांधणी पहिल्या वाचनात उसवली, पन्नास पृष्ठांत साठ मुद्रणदोष निघाले, अनुवादाच्या पुस्तकात मूळ पुस्तकाची काही प्रकरणेच गाळली आणि तसे कुठे नमूद केले नाही, तर त्याविषयी मराठी परीक्षणात काय येते? शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य येते. मुखपृष्ठ आकर्षक असून छपाई सुबक आहे. मुद्रणदोष टाळता आले असते तर बरे झाले असते. हे वाक्य आम्ही इतक्या वेळा वाचले आहे की ते छापखान्यात आधीच जुळवून ठेवलेले असावे अशी शंका येते. लेखकाला फाडून खाणारे समीक्षक प्रकाशकापुढे एकाएकी मवाळ होतात. लेखक एक पुस्तक लिहितो. प्रकाशकाकडे मात्र समीक्षकाचे पुढचे पुस्तक असते.

यातूनच आम्हाला मुख्य वाटणारा मुद्दा निघतो. मंडळे प्रतिकूल मताला अटी घालतात : पुरावा आणा, स्वतःचा अनुभव असेल तरच बोला, नाव सांगा, भाषा सौम्य ठेवा. अटी उत्तम आहेत. पण अनुकूल मताला यातली एकही अट नाही. 'अमक्याकडे डोळे मिटून जा' असे कोणीही उठून म्हणावे. त्याने तेथून कधी काही घेतले आहे का, तो त्याचा मेहुणा आहे का, त्याला सवलत मिळते का, हे विचारणे अशिष्ट समजले जाते. 'डोळे मिटून' हा शब्दप्रयोगच पाहा. वास्तविक फसवणूक निंदेपेक्षा स्तुतीच्या वाटेने अधिक होते. खोट्या निंदेने एखाद्याचे गिऱ्हाईक जाते, हे खरे. खोट्या स्तुतीने दहा जणांचे पैसे जातात, आणि खऱ्या कारागिराचे गिऱ्हाईक जाते ते वेगळेच. जेथे फक्त स्तुती करता येते तेथे स्तुतीलाही अर्थ उरत नाही. ती जाहिरात होते, आणि जाहिरातीचे मंडळाला निदान पैसे तरी मिळायला हवेत! आमचे म्हणणे असे की, अटी दोन्हीकडे सारख्या लावाव्यात. ज्याला चांगले म्हणायचे आहे त्यानेही काय घेतले, केव्हा घेतले, किती दिवस वापरले आणि विकणाऱ्याशी आपला काय संबंध, हे सांगावे. एवढे केले तर बैठकीतले निम्मे बोलणे आपोआप कमी होईल.

याच्याविरुद्धचा सर्वांत जड आक्षेप आम्हाला माहीत आहे, आणि तो लहान कारागिराचा आहे. मोठ्या दुकानाला चार वाईट शब्दांनी काही होत नाही. पण मिरजेचा तंतुवाद्य करणारा कारागीर घ्या. तेथील सतारमेकर घराणी एकोणिसाव्या शतकापासून सतारी आणि तानपुरे करत आली आहेत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. या कारागिराचे गिऱ्हाईक म्हणजे महाराष्ट्रातल्या आणि बाहेरच्या गाणाऱ्यांचे लहानसे जग. तेथे एका वजनदार सभासदाने 'त्याचा तानपुरा बोलत नाही' असे म्हटले की पुढच्या वर्षीची मागणी बसलीच समजा. आणि तानपुरा बोलत नाही म्हणजे काय? घोडीवर जवारी काढणे हे हातकसबाचे काम आहे. ती एकदा काढली की जन्मभर टिकते असे नाही. तारांच्या घर्षणाने घोडीवर चरे पडतात, मग ती पुन्हा घासून घ्यावी लागते. कोणाला खुली जवारी आवडते, कोणाला बंद. भोपळा सोलापूरकडच्या उन्हात वाढलेला असतो, त्याला कोकणातल्या श्रावणात नेऊन ठेवले तर त्याने काय करावे? तक्रार करणाऱ्याला यातले काही ठाऊक नसेल तर तो कारागिराचा दोष सांगत नसतो, स्वतःचे अज्ञान सांगत असतो.

आक्षेप खरा आहे. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष मौनाचा नाही. त्या बैठकीत जवारी जाणणारा दुसरा एखादा सभासद असतोच; बोलणे उघड झाले तर तो म्हणेल, 'अहो, घोडी केव्हा घासून घेतली होती?' आणि प्रकरण तेथेच संपेल, शिवाय पाच जणांना जवारी म्हणजे काय ते कळेल. जिन्यात बोलले गेले तर हा प्रश्न विचारणारा कोणी नसतो. आणखी एक गोष्ट मंडळाने आवर्जून करायला हवी : ज्याच्याविषयी बोलले गेले त्याला ते कळवणे. बडा व्यापारी स्वतः हजर असतो अथवा त्याचा माणूस हजर असतो. मिरजेचा कारागीर पुण्याच्या बैठकीला येत नाही. त्याला पत्राने, फोनने, जमेल तसे विचारावे आणि त्याने जे उत्तर दिले ते पुढच्या बैठकीत त्याच्या शब्दांत वाचून दाखवावे. एवढा खटाटोप करायची तयारी नसेल तर त्याच्याविषयीचे मत ऐकून घेण्याचाही अधिकार मंडळाला नाही, असे आम्ही म्हणू.

राहिला कायदा. चिटणीस मंडळी शेवटी कायद्याचे नाव काढतात आणि चर्चा थांबते. भारतीय दंडसंहितेचे ४९९ वे कलम १८६० पासून होते. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमाने घेतली. अब्रुनुकसानी हा आपल्याकडे आजही फौजदारी गुन्हा आहे, २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो घटनेशी सुसंगत ठरवला, आणि कंपनीचीही अब्रू असते असे हे कलम स्पष्ट सांगते. खटला अखेर सुटला तरी तारखांना जाण्यात वर्षे जातात. तेव्हा भीती काल्पनिक नाही. पण त्या कलमाचे अपवाद वाचण्यासारखे आहेत, आणि साहित्याच्या विद्यार्थ्याने तर जरूर वाचावेत, कारण मेकॉलेच्या परंपरेतल्या त्या संहितेला दृष्टान्त देण्याची हौस होती. लोकांपुढे ठेवलेल्या कृतीवरील मताला मुभा देणाऱ्या अपवादाखाली एका पुस्तकाचा दृष्टान्त आहे. पुस्तक मूर्खपणाचे आहे, तेव्हा लेखक दुबळ्या बुद्धीचा असला पाहिजे, असे म्हटले तर चालते. पण लेखक दुबळा आणि स्वैर आहे, म्हणून त्याचे पुस्तक असे निघाले यात नवल नाही, असे म्हटले तर चालत नाही. वस्तूवरून माणसाकडे जाता येते. माणसावरून वस्तूकडे येता येत नाही. समीक्षेचा इतका नेमका नियम आम्ही समीक्षेच्या पाठ्यपुस्तकातही वाचलेला नाही. आपले किंवा दुसऱ्याचे हित राखण्यासाठी सद्भावनेने बोलण्याला मुभा देणाऱ्या अपवादाचा दृष्टान्त तर आणखी गमतीचा आहे. त्यात एक दुकानदार आपल्या कारभाऱ्याला सांगतो की, अमक्या गिऱ्हाइकाला रोख पैसे घेतल्याशिवाय माल देऊ नकोस, मला त्याच्या सचोटीचा भरवसा नाही. म्हणजे दुकानदाराने गिऱ्हाइकाविषयी सावधगिरीचे चार शब्द बोलावेत हे कायद्याला १८६० सालीच पटले होते. गिऱ्हाइकांनी दुकानदाराविषयी एकमेकांना तेच सांगावे, हे आमच्या मंडळांना अजून पटायचे आहे.

लंडनच्या फिलाटेलिक सोसायटीने, जी १८६९ साली स्थापन झाली होती, १८९४ साली तज्ज्ञांची समिती नेमली, ती याच वाटेने गेली. तिकीट पाठवावे, शुल्क भरावे; समिती तिकिटाविषयी मत देते. विकणारा लबाड होता की तोही कोणाकडून फसला होता, याविषयी ती अक्षर काढत नाही. ज्याला तिकीट परत न्यायचे आहे त्याने ते मत घेऊन दुकानात जावे. आमच्या मंडळांना समिती नेमणे झेपणार नाही. पण 'हा माणूस चोर आहे' याऐवजी 'ही प्रत पहिल्या आवृत्तीची नाही, हे पाहा शीर्षकपान, ही मी अमक्याकडून अमुक तारखेला घेतली' असे म्हणणे कोणालाही झेपेल. विक्रेत्याचे नाव गाळू नये. नाव गाळले की बैठकीतल्या सगळ्याच विक्रेत्यांवर संशय जातो, आणि ते अधिक अन्यायाचे आहे.

नाव घेऊन, तरीही सूडबुद्धीशिवाय काय करता येते याचे एक उदाहरण जिनीव्हाचे आहे. फ्रांस्वा फूर्निए नावाचा इसम तेथे विसाव्या शतकाच्या आरंभी दुर्मिळ तिकिटांच्या नकला विकत असे, आणि तेही उजळ माथ्याने. आपण खोटा माल विकत नाही, 'प्रतिकृती' विकतो. बड्या व्यापाऱ्यांच्या किमती ज्यांना परवडत नाहीत अशा गरीब संग्राहकांचे आपण मित्र आहोत, असे तो म्हणे, आणि त्यासाठी त्याने स्वतःचे नियतकालिकही चालवले. त्याच्याकडून प्रतिकृती म्हणून घेतलेला माल पुढे अस्सल म्हणून विकणारे पुष्कळ निघाले. १९१७ साली तो वारला आणि त्याच्यामागे धंदा चालवणाराही १९२७ साली गेला, तेव्हा जिनीव्हाच्या संग्राहक मंडळाने त्याचा सगळा साठा विकत घेतला. नमुने निवडून त्यांवर ते खोटे असल्याचा शिक्का मारला, ते चिकटवून १९२८ साली सुमारे ४८० अल्बम तयार केले आणि इतर संग्राहकांना अभ्यासासाठी विकले. उरलेला माल जाळून टाकला. ते अल्बम आज स्वतःच संग्राह्य झाले असून लिलावात चांगल्या किमतीला जातात.